चिंचेने घासलेली तीन नाणी

गिरणाकाठच्या एका सज्जावर, म्हणजे काही गावांच्या महसुली हद्दीवर, मी तलाठी होतो. पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झाली होती. सकाळीच एक शेतकरी पुतण्याला घेऊन आला आणि टेबलावर रुमाल सोडला. आत तांब्याची ४१ नाणी, मातीने एकमेकांना चिकटलेली. तीन मात्र लख्ख. पुतण्याने ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर काकाच्या वावरात वाजला होता. हातभर खोल मडकं लागलं.

ती तीन पाहून पोटात कालवलं. घरात कुणीतरी चिंचेने घासली होती. हिरवा थर गेला, त्याबरोबर फारसी अक्षरंही पुसट झाली. खानदेशावर १६०१ पर्यंत फारुकी सुलतान, मग मुघल. बऱ्हाणपुरात मुघलांची टांकसाळ. नाणं कुणाचं, कुठलं, कोणत्या हिजरी सालातलं, हे त्या अक्षरांतच असतं. बाकीच्यांना पाणीसुद्धा लावू नका म्हणून मी अक्षरशः हात जोडले.

"आप्पा, हाई सरकार लई जाई ना? मंग आमले काय भेटी?"

काकांचा प्रश्न रास्त होता. १८७८ चा निखात निधी कायदा मी वाचून दाखवला. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, ऐवज कोषागारात ठेवायचा. जाहीर सूचना निघते. पुरून शंभर वर्षं झालेली आणि मूळ मालक कुणी नाही असं ठरलं, तर आपसात करार नसल्यास तीन हिस्से ज्याला सापडलं त्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग. लपवलं तर वाटा जातो, वर वर्षापर्यंत कैद.

तीन हिस्से पुतण्याचे, हे ऐकून काका बराच वेळ बोलले नाहीत.

शेत कुठल्या संरक्षित स्थळाच्या हद्दीत नाही, हे आधी तपासलं. तिथे विनापरवाना खोदणं हाच गुन्हा. मग पंच घेऊन वावरात गेलो. खड्डा बुजवलेला. पुतण्या आधी विहिरीजवळ उभा राहिला, मग दहा पावलं सरकला. मला त्याच्यापेक्षा त्या दहा पावलांचं वाईट वाटलं. नाणी किती खोल, कुठल्या मातीत, कशात होती, यावरूनच जाणकार काळ बांधतात. खापरं तर त्याने बांधापलीकडे फेकलेली. वेचली तेवढी पिशवीत भरली, विहिरीपासूनचं अंतर टेपने मोजून पंचनाम्यात लिहिलं. सराफाच्या काट्यावर वजन, पंचांच्या सह्या, लाखेचं सील. घासलेली तीन वेगळ्या पुडीत.

उपकोषागाराकडे निघताना पुतण्या पुन्हा बांधाकडे पळाला. परत आला तेव्हा हातात मडक्याचा काठ होता.

"आप्पा, हाई राही गयं."