थॉमस लिंकन या शेतकऱ्याचा माग

आजची सायंकाळ थॉमस लिंकन यांची वंशावळ वाचण्यात गेली. अब्राहम लिंकन यांचे वडील ही त्यांची ओळख एवढी मोठी ठरली, की हा मनुष्य केंटकी, इंडियाना आणि इलिनॉय येथे जन्मभर शेती व सुतारकाम करीत होता, हे सांगायचे राहूनच जाते.

अब्राहम लिंकन यांनाही स्वतःच्या घराण्याचा थांग लागला नव्हता. १८५९ मध्ये लिहून दिलेल्या आत्मपर टिपणात ते म्हणतात, की न्यू इंग्लंडमधील (अमेरिकेचा ईशान्य भाग, मॅसॅच्युसेट्स त्यातच येते) त्याच आडनावाच्या घराण्याशी नाते जोडण्याचा प्रयत्न झाला. परंतु मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम यांसारखी नावे दोन्हीकडे आढळतात, यापलीकडे काही हाती आले नाही. वाचून हळहळ वाटली, कारण धागा नेमका तोच होता. १६३७ मध्ये इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आलेले सॅम्युअल, त्यांचे पुत्र मॉर्डेकाय, पेनसिल्व्हेनियाला गेलेले दुसरे मॉर्डेकाय, व्हर्जिनियाला गेलेले जॉन, केंटकीला गेलेले थोरले अब्राहम आणि त्यांचे पुत्र थॉमस, अशी ही साखळी पुढील संशोधकांनी जुळवली.

थोरले अब्राहम १७८६ मध्ये शेतावरच मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. त्या वेळच्या कायद्यानुसार जमीन थोरल्या मुलाकडे गेली आणि धाकटे थॉमस मोलमजुरी करीत वाढले. तरीही १८०३ मध्ये त्यांनी २३८ एकर जमीन विकत घेतली. मात्र केंटकीतील खरेदीखतांत चतुःसीमा झाडे, ओढे, खडक अशा खुणांनी लिहिलेल्या असत, त्यामुळे एकाच जमिनीवर अनेकांचे दावे उभे राहत (बांधावरून भांडलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको). १८१६ च्या अखेरीस हे कुटुंब इंडियानाला गेले, त्यामागे गुलामगिरीविषयीची नापसंती काही अंशी होती. पण मुख्य कारण जमिनीच्या मालकीहक्काची कटकट हेच होते, असे पुत्रानेच लिहून ठेवले आहे. इंडियानात सरकारी मोजणीने चौकोनी तुकडे पाडलेले होते.

थॉमस आणि नॅन्सी हँक्स (अब्राहम यांच्या आई) यांच्या विवाहाच्या नोंदीची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक आहे. कुटुंब केंटकीतील हार्डिन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राहत असल्याने शोध तेथेच घेतला गेला. विवाह मात्र शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत झाला होता, आणि १२ जून १८०६ ही तारीख असलेली, धर्मोपदेशक जेसी हेड यांची नोंद अब्राहम लिंकन यांच्या मृत्यूनंतर उजेडात आली. नॅन्सी हँक्स यांच्याबाबत कागद आणखीनच मुका आहे. १८५० पूर्वीच्या जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत, बाकीच्यांची फक्त संख्या. त्या १८१८ मध्ये वारल्या, म्हणजे जनगणनेत त्या आकड्यापुरत्याच उरल्या.

अनेक चरित्रकारांनी थॉमस यांना आळशी आणि भटक्या ठरवले. वडील जेमतेम आपली सही खरडू शकत, हे पुत्राचे वाक्यही त्यास पोषक ठरले. काउंटीची दप्तरे मात्र वेगळे सांगतात: जमिनीवर व घोड्यांवर कर भरणारा, ज्यूरीवर बसणारा, रस्त्याच्या देखभालीवर नेमला जाणारा गृहस्थ त्यांत दिसतो. बाप-लेकांत दुरावा होता आणि १८५१ मध्ये वडिलांच्या अंत्यविधीला मुलगा गेला नाही, हे खरे. म्हणूनच थॉमस यांच्याविषयी मला लेकापेक्षा तलाठ्याच्या दप्तरासारख्या त्या रुक्ष नोंदींवर अधिक भरवसा ठेवावासा वाटतो.