जुन्या मस्टँगची ताकद वाढवताना

2017 साली मी डेट्रॉइटजवळ 2006 सालची फोर्ड मस्टँग जीटी विकत घेतली. तिथून जवळच्याच फ्लॅट रॉकच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे इंजिन 4.6 लिटरचे व्ही-8 असून नवेपणी त्याची ताकद 300 अश्वशक्ती होती. पण माझ्या हाती आली तेव्हा ती 98 हजार मैल धावली होती आणि हायवेवर शिरताना दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की अडखळत असे. भेटेल तो सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप, बसवण्याचा सल्ला देत होता. थकलेल्या इंजिनावर आणखी भार टाकणे मला पटेना, म्हणून आधी डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाकांपर्यंत पोहोचणारी ताकद मोजून घेतली. ती 238 अश्वशक्ती भरली.

म्हणून आधी देखभालीची कामे करायचे ठरवले. त्यात खरी कसोटी स्पार्क प्लगची होती. या इंजिनाचे मूळ प्लग दोन भाग जोडून केलेले असतात आणि टोकाच्या लांब नळीभोवती काजळी घट्ट बसल्यामुळे काढताना ते अनेकदा तुटतात. इंजिन पूर्ण थंड असताना प्रत्येक प्लग जेमतेम पाव फेरा सैल करायचा, कडेने थोडा कार्ब्युरेटर क्लीनर सोडायचा, तो मुरू द्यायचा आणि मग पाना मागेपुढे करत, घाई न करता प्लग वर आणायचा, अशी पद्धत आहे. सात प्लग कुरकुरत का होईना, अखंड निघाले. आठव्याने बारीक ‘टक्’ असा आवाज केला आणि त्याची नळी इंजिनाच्या हेडमध्येच (सिलिंडरवरच्या झाकणात) राहिली. प्लगमधल्या चिनी मातीचा एखादा तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर काय, या धास्तीने मी तिथेच थांबलो, तुटलेली नळी ओढून काढायचे खास अवजार मागवले आणि दुसऱ्या दिवशी दोन तास खपून ती नळी बाहेर काढली. नवे प्लग मी एकसंध बनावटीचे घेतले. हवेचा सेन्सर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि इंधनाचा फिल्टर यांची कामे एका दुपारीत उरकली. अडखळणे थांबले.

त्यानंतरच मागच्या एक्सलमधील 3.55 गुणोत्तराचे गिअर काढून 3.73 चे बसवून घेतले. ते काम मात्र जाणत्या कारागिराकडेच द्यावे, कारण दात नीट जुळले नाहीत तर एक्सल कायमचा घूं-घूं आवाज करत राहतो. या बदलाने इंजिनाची ताकद वाढत नाही, पण चाकांवरचा जोर प्रत्येक गिअरमध्ये सुमारे 5 टक्क्यांनी वाढतो, आणि रोजच्या रस्त्यावर तोच जाणवतो. शेवटी 91 ऑक्टेनच्या (वरच्या दर्जाच्या) पेट्रोलसाठी इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग केले आणि त्यातच नव्या गिअरची नोंद केली, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो.

पुन्हा मोजले तेव्हा डायनोवर 264 आकडा आला. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यू या रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या रांगेत ही गाडी चालवताना तिसऱ्या गिअरमधली तिची सलग उचल अनुभवली आणि त्या आठव्या प्लगवर घालवलेले दोन तास सार्थकी लागल्याचे समाधान वाटले. सुपरचार्जर अजून घेतलेला नाही. आधी ब्रेक बदलायचे आहेत.