प्रवाळाची पेटी आणि सासऱ्यांची होडी

जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंपासून घरं सजवून देणं हा माझा व्यवसाय. माल बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातला, बुधवारी नाहीतर रविवारी उचललेला. अलीकडे कोकणातल्या होमस्टेंची कामं वाढली आहेत आणि प्रत्येकाला खोल्या ‘बीच थीम’मध्ये हव्या असतात. देवबागचं काम असंच आलं. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली ती वाळूची चिंचोळी पट्टी. घराच्या दोन्ही अंगांना पाणी.

मी टेम्पोतून सामान नेलं होतं. एनॅमलचे मग, काचेच्या बरण्या, खिडकीच्या दोन चौकटी आणि एक मोठी पितळी परात. परातीत गोल आरसा बसवला की ती जहाजाच्या खिडकीसारखी दिसते, हा माझा आवडता प्रयोग. बरण्यांना काथ्या गुंडाळून दिवे करायचे होते. काथ्या तिथलाच घ्यायचा, हे मी आधीच ठरवलं होतं.

सामान उतरवत होतो तेवढ्यात होमस्टेच्या मालकीण काकूंचा मुलगा एक काचेची पेटी घेऊन आला. मुंबईत एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मोठ्या हौसेने आणलेली. आत पांढऱ्या प्रवाळाची फांद्यांची झुडपं आणि मधोमध नॉटिलस या समुद्री प्राण्याचा उभा कापलेला शंख, आतले कप्पे दिसतील असा. “ताई, ही पलंगामागच्या भिंतीवर मध्यभागी लावू या. बाकी सगळं हिच्या भोवती.”

पेटी सुंदर होती, यात शंका नाही. पण ती मी लावणार नव्हते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आणि काही शंख-शिंपले आले, नॉटिलस त्यांतलाच. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. मुलगा म्हणाला, “पण हे तर कधीचं मेलेलं आहे. जुनं आहे.” जुनं असलं, मेलेलं असलं तरी कायदा सोडत नाही, बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, हे त्याला सांगावं लागलं. शिवाय ज्याला आपण दगड समजतो तो हजारो बारीक जिवांनी चुन्याचा थर चढवत रचलेला सांगाडा असतो, फार सावकाश वाढणारा. जवळच मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. तिथे पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहेत आणि ते बघायला येणारा पाहुणा या घरात उतरणार. त्याच्या उशाशी तोडलेलं प्रवाळ कसं टांगायचं?

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने स्वतःच वनखात्याला फोन लावला. दुपारी दोघं कर्मचारी आले, पंचनामा झाला, दुकानाचा पत्ता लिहून घेतला आणि पेटी गेली. मला त्या मुलाचं कौतुक वाटलं. पैसे गेले होते, वर जबाब द्यावा लागला होता. तरी त्याने काही लपवलं नाही.

भिंत मात्र रिकामी राहिली. तेव्हा काकू म्हणाल्या, “गो, मागच्या खोपीत बघ. सासऱ्यांची होडी आसा, मोडलेली. ह्यां लाकूड मी चुलीत घालूक देवचंय नाय.”

खोपीत होडीच्या फळ्या एकावर एक रचलेल्या होत्या. फणसाच्या, असं काकूंनी सांगितलं. एका फळीवर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली गेरूसारखा तांबडा, असे रंगांचे थर उतरत गेलेले. इतका खरा समुद्र मला कुठल्याच बाजारात मिळाला नसता. लोक मुद्दाम नव्या लाकडाला असं जुनं करायला खरवडतात. इथे ते वाऱ्याने आणि मिठाने केलं होतं.

अशा फळीला घाई चालत नाही. लाकडात मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, मग पावसाळ्यात भिंतीला डाग पडतात. म्हणून ती गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर तडकते. गंजलेले खिळे ओढून काढायचे, पण त्यांच्याभोवतीचे काळे डाग तसेच ठेवायचे. पॉलिश पेपर फक्त कुसळं जाण्यापुरता. भिंतीत बसवायला स्क्रू पितळेचे. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. मुलाने वही काढून हे सगळं उतरवून घेतलं, कारण धुण्याचं काम त्यांच्याकडेच राहणार होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही सहा फळ्या निवडल्या, त्यांवर खडूने क्रमांक घातले आणि भिंतीवर माप धरलं. परातीच्या आरशाची जागा बदलून मी तो दाराशेजारी नेला, म्हणजे फळ्यांशी त्याची स्पर्धा नको. आवरत होते तर काकू खोपीतून सुकाणू ओढत घेऊन आल्या. “ह्यां दुसऱ्या खोलयेत लाव,” म्हणाल्या, आणि आत चहा ठेवायला गेल्या. सुकाणूची लांबी मोजून मी वहीत दुसऱ्या खोलीचं पान उघडलं.