आमची वाटचाल : साखर कारखान्याच्या बुशपासून अणुभट्टीच्या जोडापर्यंत

बाबांनी १९८८ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात जुना लेथ टाकला, तेव्हा कामं साखर कारखान्यांची असायची. बुश, शाफ्ट, पंपाचे सुटे भाग. हंगामाच्या आधीचे दोन महिने ते जेवायलाही घरी यायचे नाहीत. मी डिप्लोमा करून २००४ मध्ये शॉपवर उभा राहिलो.

अणुऊर्जेचं पहिलं काम २०११ साली एका मोठ्या कंपनीमार्फत आलं. स्टेनलेस स्टीलचे चाळीस फ्लँज, म्हणजे पाइप एकमेकांना जोडायच्या कड्या. मला वाटलं, फ्लँज म्हणजे फ्लँज. ड्रॉइंग एका पानाचं आणि सोबत गुणवत्तेचा आराखडा चौतीस पानांचा! बारचा तुकडा पाडायचा असेल तर हीट नंबर, म्हणजे ते पोलाद कोणत्या ओतीतलं ते सांगणारा क्रमांक, आधी दुसऱ्या भागावर उतरवायचा, मगच करवत लावायची. मापं सगळी बरोबर आली. मग इन्स्पेक्टरनी लोखंडाचे कण शोधणारं फेरॉक्सिलचं द्रावण लावलं आणि काही सेकंदांत चकचकीत पृष्ठभागावर निळे ठिपके उमटले. साध्या लोखंडावर चालवलेलं ग्राइंडिंग व्हील आम्ही स्टेनलेसवर फिरवलं होतं. त्यातून लोखंडाचे कण रुतले होते, आणि पुढे तिथूनच गंज धरतो. चाळीसच्या चाळीस नग पुन्हा पिकलिंगला, म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून साफ करायला गेले, खर्च आमचा.

त्या दिवसानंतर स्टेनलेससाठी वेगळा कोपरा केला. व्हील वेगळी, ब्रश वेगळे, रॅकला लाकडी फळ्या, मार्करसुद्धा स्टेनलेसला मारक असलेलं क्लोराइड नसलेलाच. सुरुवातीला बाबांना हे लाड वाटायचे. वर्षभरानं तेच नव्या पोरांना त्या कोपऱ्यात पाय ठेवण्याआधी बूट पुसायला लावू लागले.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७०० मेगावॉटच्या १० जड पाण्याच्या अणुभट्ट्यांना मंजुरी दिली. देशी उद्योगाला सुमारे ७०,००० कोटींची कामं मिळतील असं त्या वेळी सांगितलं गेलं. त्या भरवशावर आम्ही कर्ज काढून सीएनसी व्हीटीएल, म्हणजे संगणकावर चालणारं उभं लेथ घेतलं. मंजुरी दिल्लीत होते आणि ऑर्डर भोसरीत पोचते, या दोन्हींत किती काळ जातो ते तेव्हा कळलं. बँकेचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू झाला.

आता २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मिशन आलं आहे. लहान मॉड्युलर (भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायच्या) अणुभट्ट्यांच्या संशोधन-विकासासाठी २०,००० कोटी रुपये, आणि २०३३ पर्यंत किमान ५ देशी बनावटीच्या भट्ट्या चालू करायच्या. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० आणि ५५ मेगावॉटच्या भट्ट्यांवर काम करतंय, शिवाय हायड्रोजन तयार करण्यासाठी उच्च तापमानाची, वायूनं थंड ठेवली जाणारी भट्टीही आहे. मला मनापासून आनंद झाला. पण एक गोष्ट या धंद्यातला माणूस म्हणून सांगायलाच हवी. विकासाच्या टप्प्यावरची ऑर्डर एक-दोन नगांची असते. फिक्स्चर (नग पकडून ठेवायचा साचा), वेल्डिंग प्रोसिजर पास करून घेणं, कापून तपासायचे तुकडे, त्या तुकड्यांची रेडिओग्राफी (किरणांनी आतले दोष बघणं) हा खर्च दोन नगांनाही तेवढाच आणि दोनशेंनाही तेवढाच. नगाच्या दरावर सर्वांत कमी बोली बघून काम दिलं, तर नीट शिकू पाहणारा छोटा कारखाना पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. त्या २०,००० कोटींत फिक्स्चर आणि चाचणीच्या तुकड्यांचं वेगळं बिल मंजूर व्हावं, एवढीच आमची मागणी आहे. आणि झालेल्या कामाचे पैसे ४५ दिवसांत मिळावेत. तो तर २००६ पासून कायदाच आहे.

आम्ही थांबलेलो नाही. पातळ नळी जाड ट्यूबशीटला (नळ्या बसवायच्या भोकांच्या प्लेटला) टिग वेल्डिंगनं जोडायचा सराव गेले चार महिने स्वखर्चानं चालू आहे. आमच्या वेल्डर काकांची साठी जवळ आली. त्यांच्या हाताखाली आयटीआय झालेल्या दोन मुली तयार होत आहेत. सोमवारी त्यांचा सतरावा तुकडा कापून भिंगाखाली धरला, मुळाशी एका ठिकाणी फ्यूजन, म्हणजे धातू वितळून एकजीव होणं, अपुरं दिसलं. काकांनी करंट थोडा बदलायला सांगितला आहे. अठरावा उद्या लावायचा.