फुप्फुसात भेटलेली मज्जेची पेशी

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी तीव्र विषाणुसंसर्गाने दगावलेल्या एका रुग्णाची शवविच्छेदनाची केस माझ्याकडे आली. फुप्फुस उचललं आणि आधी जाणवलं ते वजन. एरवी स्पंजासारखं दबणारं हे इंद्रिय यकृतासारखं घट्ट झालं होतं.

वायुकोश मिटू नयेत म्हणून श्वासनलिकेतून 10 टक्के फॉर्मॅलिन सोडून ते फुगवून ठेवलं. हाडातल्या मज्जेच्या तुकड्याचं काम वेगळं. हाडातला कॅल्शियम निघाल्याशिवाय पातळ सेक्शन निघतच नाही. मी घाई केली, तुकडा आम्लात टाकला आणि विसरले. केंद्रकं इतकी फिकट झाली की रंगच धरेनात. दुसरा तुकडा शिल्लक होता म्हणून निभावलं. तो गुपचूप ईडीटीएमध्ये, म्हणजे कॅल्शियम हळूहळू काढणाऱ्या सौम्य रसायनात ठेवला आणि दिवस मोजत बसले.

तोवर फुप्फुसाच्या स्लाइड आल्या. वायुकोशांना आतून गुलाबी, काचेसारखे पट्टे चिकटलेले: हायलाइन मेम्ब्रेन, म्हणजे फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं प्रथिन) आणि मेलेल्या अस्तरपेशींचा चोथा. जिथे प्राणवायूला एरवी एका मायक्रॉनहून कमी अंतर ओलांडायचं असतं, तिथे हा लेप! दुसऱ्या ब्लॉकमध्ये अस्तर पुन्हा भरून काढणाऱ्या टाइप 2 पेशींची दाटी आणि तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्टची वाढ, म्हणजे इजेनंतरच्या दुरुस्तीचा टप्पा. एकाच फुप्फुसात दोन्ही टप्पे शेजारी शेजारी.

आणि भिंतींमध्ये जागोजागी मोठी, काळपट, वेडीवाकडी केंद्रकं. मी खुशीत लिहून टाकलं, 'विषाणुबाधित पेशी'. मॅडमनी दुहेरी मायक्रोस्कोपवर पाहिलं. ‘‘पेशी कशी दिसते ते राहू दे. ती आहे कुठे, अस्तरात की केशवाहिनीत?’’

केशवाहिनीत होती. प्लेटलेटच्या कुळातल्या पेशी ओळखणारं सीडी61 हे रंजक लावलं, तर तपकिरी रंगली. मेगाकॅरिओसाइट! प्लेटलेट बनवणारी, मज्जेतली पेशी. निरोगी फुप्फुसातही तुरळक दिसते, पण इथे जवळपास प्रत्येक फील्डमध्ये होती, आणि आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांत फायब्रिनच्या गुठळ्या. आठवडाभर मी फुप्फुस आणि मज्जा या दोन वेगळ्या केस असल्यासारखी वागत होते, याची तेव्हा लाज वाटली.

मज्जेच्या स्लाइडवर मृत्यूनंतरची झीज होतीच, तरी मॅक्रोफेजच्या, म्हणजे भक्षक पेशींच्या पोटात गिळलेल्या लाल पेशी स्पष्ट दिसत होत्या. सीडी163 ने मॅक्रोफेज उठून दिसले. फाइल पुन्हा काढली: शेवटच्या दिवसांत फेरिटिन (लोह साठवणारं, तीव्र दाहात वाढणारं प्रथिन) चढलेलं, प्लेटलेट घसरलेल्या. मी लगेच 'एचएलएच' लिहिलं, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती बेलगाम होऊन भक्षक पेशी रक्तपेशीच गिळू लागतात तो गंभीर आजार.

मॅडमनी तेही खोडलं. रक्त चढवल्यावर, नुसत्या जंतुसंसर्गातही रक्तपेशी गिळलेल्या अशा पेशी, म्हणजे हिमोफॅगोसायटोसिस, दिसतात. एचएलएचचं निदान एकट्या स्लाइडवर होत नाही. अहवालात शेवटी राहिलं ते एवढंच: ‘मज्जेत हिमोफॅगोसायटोसिस आढळले. फेरिटिन व इतर निकषांशी ताडून पाहावे.’