दाजीपूरच्या पाचोळ्यातली पाल

पहाटे रंकाळ्यावरून गाडी काढली. राधानगरीत मिसळ खाल्ली, धरण बघितलं. भोगावतीवर शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण म्हणजे आम्हा कोल्हापूरकरांचा जीव की प्राण. पण आज तिथं रेंगाळायचं नव्हतं.

दाजीपूर अभयारण्याच्या गेटवर वाटाड्या काकांनी विचारलं, "गवा बघायचा न्हवं?"

"न्हाई काका, पाल बघायची हाय."

काका थबकलेच. "पाल? घरात न्हाईत व्हय?"

भिंतीवरची नव्हे, जिच्या नावातच कोल्हापूर आहे ती! निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ती प्रथम नोंदवली, ती याच दाजीपूरच्या रानातून. ही जमिनीवर, पाचोळ्यात राहते. हे सांगितलं तसे काका माझ्यापेक्षा जास्त पेटले.

दोन तास वाकून वाकून कंबर धरली. मग काका एकदम पुटपुटले, "हलू नगासा."

वाळक्या पानाच्या कडेला ती बसली होती. मातकट, ठिपक्याठिपक्यांची, पानात पान होऊन गेलेली. घरच्या पालीसारखी पसरट बोटं नाहीत; बारीक, नख्या असलेली. डोळ्याची बाहुली गोल. दोन पावलं सरकली आणि झाडीतून आलेल्या कवडशात तिच्या पाठीवर निळसर-हिरवी झळाळी उठली, मोरपिसासारखी. हा रंग अंगात नसतो. खवल्यांवर ऊन पडलं की दिसतो, सावलीत गेली की पुन्हा मातकट. मी श्वास घ्यायचाच विसरलो.

पॅसिफिकच्या बेटांवर लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस नावाची पाल आहे. तिची मादी नराशिवाय अंडी घालते, त्यातून मादीच निपजते. जहाजातल्या मालाबरोबर एकटीच परक्या किनाऱ्याला लागली तरी तिचा वंश वाढतो. आमच्या पालीचं तसं नाही. तिला जोडीदार हवा, रानाची सावली हवी, पायाखालचा हा पाचोळा हवा. येताना रस्त्याकडेला कुणीतरी पेटवलेला पाचोळा दिसला होता, काळाठिक्कर पट्टा. तेव्हा काच वर करून पुढं गेलो होतो. आता तो पट्टा डोळ्यांपुढून हलेना.

काकांनी बाजूला केलेलं पान अलगद जागेवर ठेवलं.

"गव्याकडं जायाचं का?"

"बसूया की जरा."

काकांनी खांद्यावरचा टॉवेल अंथरला.