दहाही रीडिंग ०.१००

गेल्या मे महिन्यात अकरावी विज्ञान संपवून बारावीत जाणारी चार मुले पाच आठवड्यांसाठी वडोदऱ्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत शिकायला आली होती. पिण्याचे पाणी आणि त्यातून पसरणारे आजार हा आमच्या कामाचा विषय आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हाती मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाएवढा द्रव मोजून घेण्याचे साधन, दिला आणि सांगितले की, शंभर मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवर घ्या, प्रत्येक वजन लिहा आणि सरासरी काढा. दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातली मुलगी सर्वांत आधी वही घेऊन आली. तिची दहाही रीडिंग ०.१०० ग्रॅम होती.

आमचा तराजू दशांशानंतर चार आकडे दाखवतो. शिवाय पंचवीस अंश तापमानाला पाण्याची घनता मिलिलिटरला ०.९९७ ग्रॅम असल्यामुळे उत्तम पिपेट आणि सराईत हात असले, तरी वजन ०.०९९७ च्या आसपास यायला हवे. आणि मे महिन्यातल्या वडोदऱ्याच्या कोरड्या हवेत तर तराजूचे दार उघडे राहिले की पाणी उडू लागते आणि शेवटचा आकडा डोळ्यांदेखत खाली उतरतो. म्हणजे तिने लिहिलेला आकडा एकदाही येणे शक्य नव्हते, मग दहा वेळा येण्याची गोष्ट दूरच. मी विचारले तेव्हा ती जराही न कचरता म्हणाली, “मावशी, उत्तर ०.१०० च यायला हवं ना? माझी थोडी इकडेतिकडे येत होती, म्हणून मी नीट केली.” (तिची आई माझ्या ओळखीची असल्यामुळे मी मावशी, बाकी तिघांसाठी मॅडम, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसांसाठी बेन.)

या उत्तराचा मला राग आला नाही, कारण ती खोटे बोलत नव्हती. आम्ही मोठ्यांनी तिला जे शिकवले तेच ती निष्ठेने करत होती. शाळेतल्या प्रात्यक्षिकाचे उत्तर आधीच ठाऊक असते, गेल्या वर्षीचे जर्नल वर्गात फिरत असते, लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ आले नाही तर गुण जातात. तेव्हा मुले उत्तरापासून मागे चालत जाऊन रीडिंग तयार करतात. मीही विद्यार्थिदशेत हेच केले आहे. शाळकरी मुलांना आरोग्य-संशोधनाच्या प्रयोगशाळेत आणावे असे मला वाटते, ते प्रामुख्याने या एका कारणासाठी: उत्तर कोणालाच ठाऊक नसलेल्या प्रश्नासमोर त्यांनी निदान एकदा उभे राहावे. महागडी यंत्रे पाहणे ही त्या मानाने किरकोळ गोष्ट आहे; ती एका दुपारच्या सहलीतही पाहून होतात.

प्रश्न कोणता द्यावा, यावर मात्र आमचा पहिला आठवडा खर्ची पडला. मुलींना रक्तक्षयावर काम करायचे होते, आणि विषय क्षुल्लक नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. वर्गातल्या मैत्रिणींचे हिमोग्लोबिन तपासू, असे त्यांनी उत्साहाने सुचवले. मला नाही म्हणावे लागले. हिमोग्लोबिन मोजण्याच्या प्रमाण पद्धतीत वापरले जाणारे ड्रॅबकिनचे द्रावण पोटॅशियम सायनाइडने बनते. रक्ताचा नमुना हाताळणाऱ्याचे हेपॅटायटिस बीचे लसीकरण झालेले असावे लागते. शिवाय अल्पवयीन मुलींचे रक्त संशोधनासाठी घ्यायचे, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची संमती आणि बारा वर्षांवरच्या मुलीची स्वतःची लेखी अनुमती, हे सगळे आधी हवे. पाच आठवड्यांत हे होत नाही आणि घाईने होऊही नये. या ‘नाही’ची कारणे समजावण्यात गेलेले दोन तास वाया गेले असे मला वाटत नाही, माणसाचे रक्त ही मागितल्याशिवाय घेण्याची वस्तू नव्हे, हे त्यांनी सुई हातात येण्याआधी ऐकले.

अखेर प्रश्न ठरला तो त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला. घरच्या नळाचे पाणी आणि तेच पाणी साठवलेल्या माठातले किंवा पिंपातले पाणी, यांत कोलिफॉर्म जिवाणूंच्या, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, दृष्टीने फरक पडतो का? आजवा सरोवराचे आणि मही नदीच्या काठचे पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन शहरात येते. पण नळापासून पेल्यापर्यंतच्या शेवटच्या दहा पावलांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. चार घरे, प्रत्येक घरातले दोन नमुने आणि प्रत्येक नमुन्याला पंधरा नळ्या, म्हणजे एका फेरीला एकशे वीस नळ्या. पाच नळ्यांत दहा-दहा मिलिलिटर पाणी, पाचांत एक-एक आणि पाचांत मिलिलिटरचा दहावा भाग. आत मॅककॉन्की ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवण्याचा जांभळा द्रव, आणि त्यात उलटी बुडवलेली एक इवलीशी डरहॅम नळी. जिवाणू वाढले तर जांभळा रंग पिवळा होतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत असे झाले ते मोजून तक्त्यावरून शंभर मिलिलिटरमधल्या जिवाणूंची संभाव्य संख्या काढायची.

डरहॅम नळ्या घालताना एक मुलगा अडून बसला. उलट्या नळीत तर आधीच हवा आहे, मग बुडबुडा जिवाणूंचा की आपलाच, हे कळणार कसे? मी उत्तर दिले नाही. त्याच नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवायला लावल्या. १२१ अंशांवर पंधरा मिनिटे राहून नळ्या थंड झाल्या, तेव्हा आतली हवा निघून गेली होती आणि तिच्या जागी द्रव शिरला होता. तो बराच वेळ रॅक हातात धरून उभा होता.

पहिल्या फेरीत नळाच्या सर्व नमुन्यांत काहीच उगवले नाही आणि मुले खूश झाली. चूक आमची होती, खरे सांगायचे तर माझी. नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट टाकलेले असावे लागते. नाहीतर पाण्यातला उरलेला क्लोरीन घरापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवरही जिवाणू मारत राहतो आणि नळाशी पाणी कसे होते ते कळतच नाही. मी भलत्या कपाटातल्या बाटल्या काढून दिल्या होत्या. एकशे वीस नळ्या निर्जंतुक करून धुवायच्या आणि पुन्हा भरायच्या, हे ऐकल्यावर चौघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. पण ‘मॅडमचीही चूक होते आणि ती वहीत लिहिली जाते’ हे त्या दिवशी त्यांनी पाहिले. वाढ झालेल्या नळ्या उघडण्याचे काम मात्र आम्ही त्यांच्याकडे दिले नाही. नळीत काय वाढले आहे हे ठाऊक नसते, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत इथे सवलत नसावी.

या सगळ्याची किंमत असते, आणि ती बहुधा पीएच.डी. करणारा विद्यार्थी मोजतो. आमच्याकडच्या संशोधक विद्यार्थिनीचे पहिले दोन आठवडे रोज अर्धा दिवस मुलांमागे गेले आणि तिचे स्वतःचे काम तेवढे मागे पडले. संस्था मुलांना बोलावते, छायाचित्रे काढते, पण तिच्या त्या तासांची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही. एका मार्गदर्शकाकडे दोनांपेक्षा जास्त मुले देऊ नयेत, असे आता माझे पक्के मत झाले आहे.

त्याहून खटकणारी गोष्ट पालकांकडून आली. दुसऱ्याच आठवड्यात एका वडिलांनी फोन करून विचारले, “पेपर केव्हा छापून येईल?” परदेशी प्रवेशाच्या अर्जाला संशोधनाचा निबंध जोडलेला बरा, असे कोणा सल्लागाराने त्यांना सांगितले होते. एकशे वीस नळ्यांतून पेपर होत नाही, हे मी शांतपणे सांगितले. ते त्यांना पटले नसावे. अशी मागणी वाढली की जागा पोहोचलेल्या घरांतच वाटल्या जातात. म्हणून आम्ही टक्केवारी न पाहता शिक्षकांना एवढेच विचारले होते की, वर्गात अडचणीचे प्रश्न कोण विचारते? आलेल्या चौघांपैकी दोघे गुजराती माध्यमाचे होते, आणि डरहॅम नळीपाशी अडलेला मुलगा त्यांतलाच एक.

वडोदऱ्याला ही कल्पना तशी परकी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने इथे कलाभवन सुरू झाले. रंगकाम आणि रसायनासारखे विषय तिथे हाताने करून शिकवले जात; दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. त्यामानाने आज शाळकरी वयासाठीची सोय विस्कळीत आहे. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची १९७९ पासूनची अल्पकालीन शिष्यवृत्ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि २०१७ मध्ये सुरू झालेला ‘जिज्ञासा’ उपक्रम शाळांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांशी जोडतो. पण वडोदऱ्यातल्या अकरावीच्या मुलाला सलग पाच आठवडे एखाद्या आरोग्य-संशोधकाच्या शेजारी बसायचे असेल, तर आजही कोणाच्या तरी ओळखीवरच विसंबावे लागते.

दुसऱ्या फेरीत, योग्य बाटल्या वापरून, दांडिया बाजारातल्या त्या घराच्या नळाचे पाणी स्वच्छ निघाले. माठाच्या पाण्यात मात्र दहा मिलिलिटरच्या पाचही नळ्या पिवळ्या झाल्या. तक्त्याप्रमाणे शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे २३. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटरमध्ये एकही कोलिफॉर्म आढळता कामा नये. तिला कारण लगेच सुचले: घरात सगळे जण पेला थेट माठात बुडवतात. आजीची समजूत घालून तिने लांब दांड्याचे ओगराळे आणवले आणि आणखी तीन दिवस नमुने आणले. दोन दिवस काही उगवले नाही; तिसऱ्या दिवशी पुन्हा एक नळी पिवळी झाली. त्या दिवशी पाहुणे आले होते का, माठ घासलेला नव्हता का, की नमुना घेताना तिचाच हात लागला, हे ठरवण्याइतके नमुने हाती नव्हते आणि शाळा उघडायला चार दिवस उरले होते. तिने वहीत तिन्ही शक्यता लिहिल्या आणि शनिवारी दुपारी येऊ का, म्हणून विचारले. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सुट्टीव्यतिरिक्तच्या काळात प्रयोगशाळेत येऊ देण्यासाठी आमच्याकडे कुठलाही फॉर्म नाही, म्हणून मी साध्या कागदावर अर्ज लिहून कार्यालयात दिला आहे. तो अजून तिथेच आहे.